भुतांच्या सिनेमातली माणसं

कमी पैशांत काढलेल्या जुन्या भयपटांत ज्यांनी कामं केली, त्या नटनट्यांच्या मुलाखती मला त्या चित्रपटांपेक्षा काकणभर जास्तच आवडतात. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवतं आणि विचारतं, तेव्हा भीती वाटली होती का? उत्तरात भीती क्वचितच येते. येतो तो उकाडा, थंडी, वास. न धुतलेला शर्ट, डोळ्यांत घातलेल्या जाड काचा, बुडालेले पैसे. प्रेक्षक म्हणून आपण ज्याला थरार म्हणतो, ती त्यांच्या आठवणीत अंगमेहनत म्हणून शिल्लक असते.

म्हणून या आठवणी मी कष्टकऱ्याचं बोलणं ऐकावं तशा ऐकते. कुणी आपल्या जुन्या सिनेमावर जीव टाकतं, कुणाला त्याचं नाव काढलेलंही सोसत नाही. सिनेमा चांगला होता की टुकार, याच्याशी त्याचा फारसा संबंध मला दिसलेला नाही. टुकार सिनेमावर मनापासून माया करणारी माणसं आहेत आणि आज ज्याला अभिजात म्हणतात त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलीही आहेत. फरक पडतो तो त्यांनी उपसलेल्या कष्टांची दखल कुणी घेतली, केव्हा घेतली आणि या सगळ्यात त्यांचं नाव, त्यांचं आयुष्य त्यांच्याकडे राहिलं का, यामुळे.

'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' घ्या. टोबी हूपरने तो १९७३ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या राउंड रॉकजवळच्या एका जुन्या घरात चित्रित केला, प्रदर्शित झाला १९७४ मध्ये. नटमंडळी बहुतेक तिथल्याच परिसरातली, तरुण, सिनेमात नवखी. बाहेर पारा ३८ अंशांच्या वर. त्यातला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आज चित्रपटशिक्षणात दाखवला जातो. पळून पळून थकलेल्या सॅलीला खुर्चीला बांधलंय, समोर ते विकृत कुटुंब बसलंय आणि कुटुंबातल्या मरणासन्न आजोबाच्या हाती हातोडा देऊन तिला मारायचा खेळ चाललाय. आजोबा झाला होता जॉन ड्यूगन हा तरुण मुलगा. त्याचा म्हातारपणाचा मेकअप चढवायला तासन्‌तास लागले आणि हे पुन्हा करणार नाही असं त्याने सांगून टाकलं. मग जे काय घ्यायचं ते एकाच दमात घेणं भाग पडलं. दिवसा रात्र दिसावी म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या. आत दिव्यांची धग, टेबलावर मांस, भिंतींवर आणि कोपऱ्यांत जनावरांची खरी हाडं. चित्रीकरण २६-२७ तास चाललं. मांस सडू लागलं. शॉट संपला की माणसं बाहेर धावत जाऊन ओकायची आणि परत येऊन आपापल्या जागी उभी राहायची.

त्या कुटुंबातला मुखवटा घातलेला खुनी लेदरफेस. तो झालेला गनर हॅन्सन मूळचा आइसलँडचा, सहा फूट चार इंचांचा, लिहिण्याची आवड असलेला तरुण. पात्राला एकही संवाद नाही आणि चेहरा मुखवट्याआड. उरतं फक्त शरीर. ते शरीर कसं हलावं हे शोधण्यासाठी तो बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलांच्या शाळेत जाऊन बसला, त्यांच्या हालचाली निरखल्या. कपड्यांचा जोड एकच होता. तो रंगवलेला, धुतला तर रंग उतरेल आणि दोन शॉटमधला फरक दिसेल या भीतीने पूर्ण चित्रीकरणभर कुणी तो धुतला नाही. शेवटी शेवटी जेवायला बसताना त्याच्या आसपास कुणी फिरकत नसे. हे सगळं त्याने पुढे २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात आणि कितीतरी मुलाखतींत सांगितलं, कुठेही आवाज न चढवता.

आणि सॅली झालेली मेरिलिन बर्न्स. सॅलीचं बोट कापून आजोबाला रक्त चोखायला द्यायचं, असा एक शॉट होता. नकली रक्ताची नळी सुरीला लपवून लावली होती, ती तुंबली. टेकमागून टेक वाया जाऊ लागले. शेवटी हॅन्सनने पात्याच्या धारेवरची पट्टी काढून टाकली आणि तिचं बोट खरोखरच कापलं. चित्रपटात दिसतं ते तिचं रक्त आहे. रस्त्यात लिफ्ट मागणारा हिचहायकर झालेल्या एडविन नीलने नंतर म्हटलंय की तो जेवणाच्या टेबलाचा प्रसंग हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट काळ होता. हे बोलणारा माणूस व्हिएतनामला जाऊन आलेला होता.

या गोष्टी सांगताना समीक्षक बऱ्याचदा एक वाक्य जोडतात: एवढे हाल झाले म्हणूनच चित्रपट इतका खरा वाटतो. मला हे अजिबात मान्य नाही. शेवटचा जवळपास तृतीयांश चित्रपट बर्न्सने आपल्या गळ्यावर आणि डोळ्यांवर तोलून धरलाय. तासन्‌तास ओरडायचं, मध्येच थांबायचं, दिवे हलवून झाले की पुन्हा नेमक्या त्याच पट्टीत सुरू करायचं, आणि प्रत्येक किंकाळी आधीच्या किंकाळीपेक्षा थोडी अधिक तुटलेली वाटली पाहिजे. हे कसब आहे. उकाडा आणि दुर्गंधी सेटवरच्या सगळ्यांनाच होती, तसं ओरडता आलं ते तिला एकटीलाच. तिच्या अभिनयाचं श्रेय तिच्या हालांना देऊन टाकलं की तिच्याकडे काहीच उरत नाही.

पैशांचं तर विचारूच नका. नटांना तुटपुंजं मानधन आणि वर नफ्यातला वाटा देऊ केला होता. ज्या कंपनीतला वाटा मिळाला, तिच्याकडे मुळात अर्ध्याच चित्रपटाची मालकी होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उरलेलं वितरकाच्या हिशेबात जिरलं. चित्रपट जगभर चालला, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेला आणि त्यातले लोक आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागले. तरीही २०१३ मध्ये त्याच मालिकेतल्या नव्या चित्रपटात बर्न्स आणि हॅन्सन दोघांनीही छोट्या भूमिका केल्या. पुढच्याच वर्षी ती गेली, २०१५ मध्ये तो गेला. उतारवयात दोघंही चाहत्यांच्या मेळाव्यांना जात, रांगेतल्या माणसांशी बोलत, सह्या देत. या मेळाव्यांत सहीचे पैसे घेतात म्हणून नाकं मुरडणारे लोक मला भेटलेत. ज्यांना चित्रपटाने दिले नाहीत त्यांना प्रेक्षकांनी थोडे दिले, यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

'द एव्हिल डेड'ची आठवण थंडीची आहे. १९७९ च्या हिवाळ्यात दिग्दर्शक सॅम राइमी आणि त्याचे मित्र मिशिगनहून टेनेसीतल्या मॉरिसटाउनला गेले, रानातल्या एका पडक्या लाकडी घरात. नकली रक्त मक्याच्या पाकाचं, चिकट. नायक झालेल्या ब्रूस कॅम्पबेलचा शर्ट त्याने इतका माखला होता की शेकोटीपाशी वाळत घातल्यावर तो कडक झाला आणि पुन्हा अंगात चढवताना चक्क मोडला. ऊब हवी म्हणून शेवटी शेवटी त्यांनी फर्निचर जाळलं. कॅम्पबेल या गोष्टी रंगवून सांगतो आणि त्याला ते शोभतंही, कारण त्या चित्रपटाने त्याला आयुष्यभराचं काम दिलं. आपण बी-मूव्हीचे नट आहोत हे त्याने आत्मचरित्राच्या उपशीर्षकातच लिहून टाकलं.

माझं लक्ष मात्र त्याच घरातल्या तिघींकडे जातं. एलन सँडवाइस, बेट्सी बेकर आणि थेरेसा टिली. भूत संचारल्यावर डोळे पांढरे दिसावेत म्हणून त्यांच्या डोळ्यांत जाड लेन्स घालत. त्या घातल्या की दिसायचं काहीच नाही, आणि डोळ्यांना हवा लागत नाही म्हणून पंधरा मिनिटांच्या वर ठेवायच्या नाहीत. म्हणजे ज्या प्रसंगांत या बायका दुसऱ्याच्या अंगावर झेप घेताना दिसतात, त्या प्रसंगांत त्या अंधारात झेप घेत होत्या. बेकरच्या चेहऱ्याचा साचा काढताना तिच्या पापण्यांचे केस साच्याबरोबर उपटून आले. टिलीने तर नटांच्या संघटनेच्या नियमांमुळे नावच वेगळं लावलं होतं. श्रेयनामावलीत ती सारा यॉर्क आहे. सँडवाइसचा रानातल्या झाडांनी केलेल्या अत्याचाराचा प्रसंग आजही अंगावर येतो आणि तो तसा घेतल्याबद्दल पुढे राइमीनेही खेद व्यक्त केला. कडाक्याच्या थंडीत, उघड्या अंगावर ओरखडे घेत तो प्रसंग केला तो तिने. खेद दिग्दर्शकाचा छापून येतो, ओरखडे कुणी विचारत नाही.

पुढे तिघी आपापल्या संसारात आणि कामांत गेल्या. चित्रपट व्हिडिओ कॅसेटवरून घराघरांत पोचला आणि कॅम्पबेलचा चेहरा त्याचं चिन्ह झाला. वीसेक वर्षांनी या तिघी एकत्र आल्या आणि 'लेडीज ऑफ द एव्हिल डेड' या नावाने मेळाव्यांना जाऊ लागल्या. एकमेकींची वाक्यं पुरी करत बोलणाऱ्या या बायकांना पाहिलं की मला फार बरं वाटतं. एकटीने सांगितली असती तर जी आठवण नुसती त्रासाची झाली असती, ती तिघींनी मिळून सांगितल्यावर पेलवते.

बेट्सी पामरची गोष्ट निराळी, आणि मला सगळ्यांत जास्त शिकवणारी. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकन दूरदर्शनवरचा घरोघरी ओळखीचा, हसतमुख चेहरा. ब्रॉडवेच्या रंगभूमीवर नाव. १९७९ मध्ये तिची गाडी बंद पडली आणि नवी घ्यायची होती. त्याच वेळी एका भयपटाचं काम आलं, दहा दिवसांचं, दिवसाला हजार डॉलर. गाडीचा प्रश्न सुटत होता. पटकथा वाचून तिने ती शेलक्या शब्दांत टाकाऊ ठरवली आणि असला सिनेमा बघणार कोण, या विश्वासावर होकार दिला. तो चित्रपट 'फ्रायडे द थर्टीन्थ'. १९८० मध्ये तो तुफान चालला.

पण या दहा दिवसांसाठी तिने काय केलं पाहा. पामर स्तानिस्लावस्कीच्या, म्हणजे पात्राचं आयुष्य आतून उभं करण्याच्या, पद्धतीने काम करणारी नटी. आपल्या पात्राच्या, मिसेस व्हूरहीज या खुनी आईच्या, हातात शाळकरी मुलं घालतात तशी एक अंगठी आहे, एवढा एक धागा तिने पकडला. ती अंगठी कुणाची? शाळेतल्या प्रियकराची. साल कुठलं? स्वतःच्या शाळेच्या दिवसांवरून तिने १९४४ ठरवलं. कडक सोवळ्याचा काळ. मुलीला दिवस जातात, मुलगा पळून जातो, आईवडील घराबाहेर काढतात. पोरगी मिळेल ती कामं करत मुलाला एकटीने वाढवते. आणि तो मुलगा, जेसन, उन्हाळी शिबिरात लक्ष ठेवणाऱ्यांच्या हलगर्जीपणाने बुडतो. यातलं अंगठीपासूनचं बरंचसं पटकथेत नव्हतं, पडद्यावरही कुणी ते बोलून दाखवत नाही. तरी शेवटच्या काही मिनिटांत ती उबदार लोकरी स्वेटर घालून येते, प्रेमळ मावशीसारखी बोलू लागते आणि बोलता बोलता तिचा चेहरा फिरतो, तेव्हा मागे हे अख्खं आयुष्य उभं असतं. जी पटकथा तिने टाकाऊ म्हटली, तिच्यासाठी तिने हा अभ्यास केला. नट या जातीबद्दल मला वाटणारा आदर अशाच गोष्टींनी वाढत गेलाय.

तिला त्या वेळी मिळालं काय? जीन सिस्कल या वजनदार समीक्षकाने परीक्षणात मुद्दाम खुनी कोण ते फोडलं आणि पामरचं राहण्याचं गाव छापून वाचकांना तिला निषेधाची पत्रं पाठवायला सांगितलं. दिग्दर्शकाला नव्हे, नटीला. पुढची कितीतरी वर्षं ती या चित्रपटाबद्दल तुटक बोलत असे. मग चाहते येऊ लागले. पन्नाशीतल्या बायकांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे तिला सांगू लागले की तुमची ती आई आम्ही विसरू शकत नाही. हळूहळू तिचा सूर निवळला. शेवटच्या वर्षांतल्या मुलाखतींत ती मिसेस व्हूरहीजबद्दल जिवाभावाच्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. पटकथेबद्दलचं मत मात्र तिने कधी लपवलं नाही.

त्याच चित्रपटातून शेवटी जिवंत सुटणारी मुलगी झालेली एड्रिअन किंग. तिला चित्रपटानंतर एका माथेफिरू चाहत्याने इतकं छळलं की तिने पडद्यावरून अंग काढून घेतलं आणि कित्येक वर्षं ती फक्त आवाज देण्याची कामं करत राहिली. अलीकडे ती मेळाव्यांना येते, चित्रं काढते. पण पडद्यावर ज्या भीतीचा तिने अभिनय केला ती घरापर्यंत तिच्या मागे आली, आणि 'कल्ट'च्या कौतुकाखाली हे पान दडपलं जाऊ नये असं मला फार वाटतं.

ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाकडे येताना मी नेहमी थोडी थांबते. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्गच्या दहा मंडळींनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून सुरुवात केली, खर्च एकूण लाख-सव्वा लाख डॉलरच्या घरात गेला. पैसे घालणाऱ्यांतले काही जण चित्रपटात कामही करत होते. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे चालून गेलं. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याने तेवढ्या एका चुकीवर चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही कॅसेट काढून विकावी. तो इतका पसरला त्याला हेही एक कारण, आणि बनवणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही त्यालाही हेच.

जोन्सची निवड चाचणीत तो सगळ्यांत चांगला ठरला म्हणून झाली, असं दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो कायम सांगत राहिला. त्याने केलेलं बेन हे नायकाचं पात्र मुळात रांगड्या ट्रक ड्रायव्हरचं होतं. जोन्स शिकलेला, रंगभूमीवर घडलेला. त्याने पात्राची भाषा बदलली, विचार करून बोलणारा, शांत डोक्याचा माणूस उभा केला. शेवट सुखाचा करावा का यावर चर्चा झाली तेव्हा त्याने विरोध केला. एवढं सगळं घडल्यावर कृष्णवर्णीय नायक गुळमट पद्धतीने वाचलेला दाखवण्यापेक्षा मेलेला दाखवणं आमच्या लोकांना अधिक पटेल, हे त्याचं म्हणणं. १९६८ च्या एप्रिलमध्ये मंडळी तयार प्रत गाडीत घालून वितरक शोधायला न्यूयॉर्ककडे निघाली, आणि वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली.

जोन्स पुढे नाट्यसंस्था चालवत राहिला, ओल्ड वेस्टबरीच्या महाविद्यालयात शिकवत राहिला. चाहत्यांच्या मेळाव्यांपासून तो लांब राहिला. आपली सगळी ओळख एका बेनमध्ये अडकू नये, असं त्याला वाटे. १९८८ मध्ये ५१ व्या वर्षी तो गेला. जाण्याआधी काही महिने त्याने एक लांब मुलाखत दिली. त्यात त्याने चित्रीकरणाच्या काळातली एक रात्र सांगितलीय. काम आटोपून गाडीने परतताना गोऱ्या पोरांनी भरलेली एक गाडी, हातात लोखंडी पहार दाखवत, त्याच्या मागे लागली. दिवसभर कॅमेऱ्यासमोर उठून चालणाऱ्या प्रेतांपासून पळायचं आणि रात्री रस्त्यावर हे. आम्ही चित्रपटात रूपक म्हणून जे करत होतो त्यापेक्षा खरं दुःस्वप्न भयंकर होतं, अशा अर्थाचं तो बोलला. ती मुलाखत ऐकल्यापासून बेन घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकतो तो लांबलचक भाग मी वेगळ्याच लक्षाने बघते. किती नीट, किती न घाईने ठोकतो तो प्रत्येक खिळा. दूर राहून जोन्सने आपली ओळख सांभाळली, हे मला बर्न्सने मेळाव्यात जाऊन सह्या देण्याइतकंच योग्य वाटतं.

हिंदीतल्या रामसे बंधूंच्या चित्रपटांबद्दल लिहायला लागले तर वेगळा लेख होईल. इथे फक्त अनिरुद्ध अग्रवालचं नाव घेते. रुडकीत शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, उंची आणि चेहऱ्याची ठेवण सर्वसामान्यांपेक्षा वेगळी, आणि १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी म्हणून एका अख्ख्या पिढीची झोप उडवणारा. ज्या चेहऱ्यामुळे हे काम मिळालं त्याच चेहऱ्यामुळे दुसरं मिळणं अवघड. हॅन्सनला निदान मुखवटा काढून ठेवता येत होता.

टुकार सिनेमावरच्या मायेबद्दल वर लिहिलंय, ते 'ट्रोल २'मुळे. १९८९ च्या उन्हाळ्यात युटामधल्या छोट्या गावांत क्लाउडिओ फ्रागास्सो या इटालियन दिग्दर्शकाने तो चित्रित केला. इटालियन मंडळींना इंग्रजी जेमतेम. संवाद ऐकून नटांना कळत होतं की असं कुणी बोलत नाही. आम्ही सुधारून देतो असं ते म्हणाले, पण लिहिलंय तसंच म्हणायचं अशी ताकीद मिळाली. बरेच जण गर्दीतलं एखादं काम मिळेल म्हणून आले आणि मुख्य भूमिकेत गेले. बापाचं काम करणारा जॉर्ज हार्डी दंतवैद्य. चित्रपटात ट्रोल, म्हणजे परीकथांतला राक्षस, एकही नाही, आहेत ते गॉब्लिन, दुष्ट बुटके. नाव विक्रीसाठी चिकटवलेलं. वर्षानुवर्षं या लोकांनी आपण त्यात होतो हे शक्यतो कुणाला सांगितलं नाही. मग लोक तो एकत्र बसून, संवाद पाठ म्हणत बघू लागले. त्यातला लहान मुलगा, मायकल स्टीफन्सन, मोठा होऊन दिग्दर्शक झाला आणि २००९ मध्ये त्याने या साऱ्यांना शोधून काढणारा एक माहितीपट केला.

तो माहितीपट मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. आधी हार्डीचा आनंद. हाऊसफुल्ल थिएटर, आपलं एक वाक्य म्हटलं की टाळ्यांचा कडकडाट. मग एका मेळाव्यात तो टेबल मांडून बसतो आणि टेबलापाशी कुणीच येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू राहतं, डोळे मात्र इकडेतिकडे शोधू लागतात. दुसरीकडे दिग्दर्शक, ज्याला लोक का हसतात तेच पटत नाही आणि जो नटांनाच दूषणं देतो. आणि आईची भूमिका केलेली मार्गो प्रे. ती घरातून फारशी बाहेर पडत नाही, आपल्या आईची काळजी घेते, आणि आपल्या चित्रपटाची तुलना अगदी गंभीरपणे बोगार्ट आणि हेपबर्न या हॉलीवूडच्या जुन्या दिग्गजांच्या चित्रपटांशी करते. हा प्रसंग काही प्रेक्षक हसत बघतात. मला हसता येत नाही. तिने ते काम मन लावून केलं होतं. आणि ज्याने मन लावून काम केलंय त्याने त्याला आपल्या आवडीच्या मोठ्या चित्रपटांशेजारी ठेवलं तर तो त्याचा हक्क आहे. प्रेक्षकांचं प्रेम या नटांना मिळालं हे खरं, पण ते हसण्यातून आलेलं प्रेम होतं आणि ते घ्यायला प्रत्येकाचा स्वभाव तसा असतोच असं नाही. स्टीफन्सनचं मोठेपण हे की त्याने मार्गोचं दार वाजवलं, तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ते कापून न टाकता चित्रपटात ठेवलं.

एखाद्या चित्रपटाने नटाकडून किती घ्यावं, याचं मला माहीत असलेलं टोकाचं उदाहरण 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या रानात आठ दिवस. हेदर डोनह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकल विल्यम्स. कॅमेरे त्यांच्याच हातांत, संवाद त्यांनीच ऐनवेळी जुळवलेले. दिग्दर्शक लांबून चिठ्ठ्या ठेवून सूचना देत आणि दिवसागणिक खाणं कमी करत. चेहऱ्याला कॅमेरा चिकटवून रडत माफी मागणारी हेदर आठवते ना? ते शब्दही तिचेच. अभिनय, छायाचित्रण, संवाद, सगळं या तिघांनी केलं. आणि पात्रांना नावंही त्यांचीच दिली होती.

१९९९ मध्ये चित्रपट आला तो खऱ्या घटनेची सापडलेली फिल्म म्हणून. खरं वाटावं यासाठी तिघांना सुरुवातीला प्रसिद्धीपासून लांब ठेवलं. इंटरनेटवर त्यांच्या नावापुढे बेपत्ता, बहुधा मृत असं लिहिलेलं होतं. हेदरच्या आईला लोक सांत्वनाची पत्रं पाठवत होते. जगभरात चित्रपटाने २४ कोटी ८० लाख डॉलर कमावले. दहा कोटींचा टप्पा पार झाल्यावर कलाकारांना आली ती फळांची परडी. हेदरला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी पुरस्कारही देण्यात आला. इतक्या जणांना ती खरी वाटली होती, त्याचं हे फळ. विल्यम्स पुन्हा घरसामान हलवण्याच्या कामावर गेला. पुढच्या चित्रपटासाठी आपली नावं आणि चेहरे वापरल्याबद्दल तिघांनी दावा लावला, तडजोडीत काही रक्कम मिळाली. हेदरने पुढे अभिनय सोडला आणि नंतर नावही बदलून घेतलं. आपलं नाव एका चित्रपटाच्या मालकीचं झालंय असं वाटून एखाद्या बाईला आईवडिलांनी ठेवलेलं नाव टाकावं लागतं, ही मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा भयंकर गोष्ट वाटते.

२०२४ मध्ये नवा ब्लेअर विच काढण्याची घोषणा झाली तेव्हा हे तिघं उघडपणे बोलले. आता पन्नाशीला टेकलेली माणसं. त्यांनी हक्कदार कंपनी लायन्सगेटला जाहीर पत्र लिहून तीन गोष्टी मागितल्या. एक, संघटनेचं आणि वकिलाचं पाठबळ असतं तर अभिनयाची जी रॉयल्टी मिळाली असती ती, मागची आणि पुढचीही. दोन, आमची नावं आणि चेहरे ज्या कशाशी जोडले जातील, त्याआधी आमच्याशी नीट बोला. मूळ चित्रपटाच्या दिग्दर्शक-निर्मात्यांनीही त्यांना जाहीर पाठिंबा दिला, पंचवीस वर्षांनी का होईना. तिसरी मागणी त्यांनी स्वतःसाठी केलीच नाही: मूळ चित्रपटाचा खर्च धरून दरवर्षी ६० हजार डॉलरचं अनुदान द्या, अजून नाव न झालेल्या एखाद्या नवख्याला, त्याचा पहिला भयपट काढायला.